वायर सोलताना तांब्याला ब्लेड लागू देऊ नका

मागच्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी सुरू होतं अन् मोटर एकदम घूं घूं करायला लागली, पाणी बंद. बाबांनी धावत जाऊन स्टार्टर बंद केला म्हणून वाइंडिंग वाचलं. पाहतो तर विहिरीच्या काठावरच्या जॉइंटची टेप वितळलेली, अन् टेप काढली तर पिवळ्या फेजची वायर सुटूनच हातात आली.

हा जॉइंट मीच दिला होता, मागच्या हंगामात, दाढीच्या ब्लेडने सोलून. 2.5 स्क्वेअर एमएमची केबल, आत 0.3 एमएमच्या 36 बारीक तारा. ब्लेड गोल फिरवलं तेव्हा त्यातल्या बऱ्याच तिथेच कापल्या गेल्या होत्या, टोकं अगदी सरळ कापलेली दिसत होती, मग सगळा लोड उरलेल्या तारांवर, त्या तापून तापून काळ्या पडल्या अन् शेवटी तुटल्या. थ्री फेजची मोटर दोन फेजवर अडकून राहिली तर थोड्याच वेळात जळते, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण सुरुवात वायर सोलण्यापासून होते हे कोणी बोलत नाही.

तर आता मी असं करतो. चाकू असेल तर पेन्सिल तासतो तसा तिरपा धरायचा, धार आपल्यापासून लांब, वायरभोवती गोल चीर द्यायचीच नाही. चपट्या केबलचं वरचं आवरण टोकाकडून दोन वायरींच्या मधल्या खाचेत लांबीला चिरायचं अन् मागे सोलत न्यायचं. आतल्या वायरीला मात्र वायर सोलायचा स्ट्रिपरच घ्या, स्क्रूवाला साधा असला तरी चालतो, फक्त आधी त्याच वायरीच्या टाकाऊ तुकड्यावर स्क्रू सेट करा, दाबून अर्धा वेढा फिरवा अन् ओढा. मग तारा बोटाने फुलवून बघा, एकीवर जरी चरा दिसला तर तेवढं कापून पुन्हा सोला. दाताने सोलणारे पोट्टे दिसले की मला राहवत नाही, माचिसने जाळून सोलणंही तसंच वाईट, धूर छातीत जातो अन् तांबं काळं पडलं की जॉइंट धरत नाही.

अन् हे सगळं लाईन गेली आहे या भरवशावर करू नका. आपल्याकडे वावरातल्या किती स्टार्टरला ऑटो लावलेलं असतं, म्हणजे लाईन आली की मोटर आपोआप चालू, लाईन कधी येईल सांगता येत नाही अन् आली की फेज टू फेज 415 व्होल्ट. मेन स्विच खाली, तिन्ही किटकॅट म्हणजे फ्यूज काढून खिशात, नंतर तिन्ही वायरींना टेस्टर, अन् तो टेस्टरही आधी घरच्या चालू बोर्डवर पेटतो का बघून आणलेला.

यावेळी तिन्ही जॉइंट एकाखाली एक न घेता मागेपुढे घेतले, आधी रबर टेप, वरून पीव्हीसी टेप. अंधार पडत आला होता. बाबा पेटीजवळ उभे राहून म्हणाले, "दे बावा आता किटकॅट." मी खिशातून तिन्ही काढून त्यांच्या हातावर ठेवल्या.