तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅम्पमध्ये कपॅसिटर साधेच का?

अ‍ॅम्पचं मागचं झाकण उघडलं की हा प्रश्न येतोच. अ‍ॅम्प म्हणजे मी बनवतो ते गिटारचे, व्हॉल्व्हवाले, आणि कपॅसिटर म्हणजेच आपला कंडेन्सर. आवाज ऐकून लोक खूश असतात, मग आत डोकावतात आणि चेहरा पडतो. "हे लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातले साधे पॉलिएस्टर? ऑरेंज ड्रॉप का नाही टाकले? निदान जुने ऑइल-पेपरवाले तरी?" विचारणाऱ्याला व्हॉल्व्ह आणि ग्रिड माहीत असतात, त्यामुळे तिथून सुरुवात करत नाही; नवख्यासाठी एवढंच, व्हॉल्व्ह म्हणजे सिग्नल मोठा करणारी काचेची नळी आणि ग्रिड म्हणजे सिग्नल तिच्यात शिरतो ते टोक. एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या वेळी हेच पाठवेन.

आधी ऑरेंज ड्रॉप, म्हणजे ते नावाजलेले नारिंगी कपॅसिटर. २२५पी नंबरच्या ऑरेंज ड्रॉपमध्ये आतली प्लास्टिकची फिल्म पॉलिएस्टरची असते आणि ७१५पीमध्ये पॉलीप्रॉपिलीनची, रंग दोघांचा नारिंगीच. यातला कुठला म्हणताय असं विचारलं की समोरचा गप्प. साठच्या दशकातल्या मार्शल कंपनीच्या अ‍ॅम्पमधले ते मोहरीच्या रंगाचे, ज्यांच्यासाठी लोक वाट्टेल ते पैसे मोजतात, ते पण पॉलिएस्टरच होते. आणि पॉलीप्रॉपिलीनच हवं असेल तर मान वर करा, पंख्यातला अडीच एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) कंडेन्सर त्याचाच असतो, त्याच्या टोनबद्दल अजून कोणी मला विचारलेलं नाही.

व्हॅल्यूबद्दल पण कोणी विचारत नाही, आणि खरा फरक तिथे आहे. कपलिंगला, म्हणजे एका स्टेजचा सिग्नल पुढच्या स्टेजला देणाऱ्या जागी, मी ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट टाकतो, अंगावर २२३ छापलेलं असतं. पुढे ग्रिडला ४७० के-चा (किलोओहमचा) रेझिस्टर असेल तर बास १५ हर्ट्झच्या आसपास गळायला लागतो, गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झची आहे, म्हणजे तिथे ०.१ टाकून ऐकू येण्यासारखा बास काही वाढत नाही, उलट जोरात वाजवलं की अ‍ॅम्प गुदमरतो आणि सावरायला वेळ घेतो. पण प्रीअ‍ॅम्पच्या कॅथोडवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या खालच्या टोकाला, १.५ के-ला समांतर २५ मायक्रोफॅरडचा असतो ना, तो काढून १ चा टाका, शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसालाही कळेल. फिल्टरचं, म्हणजे पॉवर सप्लायची घरघर गाळणाऱ्या मोठ्या कपॅसिटरचं, तर सरळ आहे: २५०-०-२५० चा ट्रान्सफॉर्मर आणि डायोड असतील तर व्हॉल्व्ह तापेपर्यंत ३५० च्या वर जातं, तेव्हा ४५० व्होल्टचे घ्या, नवीन घ्या, आणि हात घालण्याआधी मीटर लावून बघा की खरंच रिकामे झालेत. यात ब्रँड नाही म्हणून गप्पा होत नाहीत.

आता जुन्या पेपरवाल्यांचं, म्हणजे माझ्या मावसभावाचं.

हा भांडुपला राहतो, बँडमध्ये वाजवतो, आणि त्याचा अ‍ॅम्प मीच बनवून दिलेला, ईएल८४ हा एकच आउटपुट व्हॉल्व्ह असलेला छोटासा. त्याला कुठूनतरी जुन्या रेडिओतले मेणाच्या वेष्टनातले चार पेपर कंडेन्सर मिळाले आणि त्याने ते मला न विचारता स्वतः सोल्डर केले, आधी मीटरवर व्हॅल्यू बघून. व्हॅल्यू आली, थोडी जास्तच आली, म्हणून तो खूश. फोनवर रेकॉर्डिंग पाठवलं आणि खाली लिहिलं, "दादा ऐक, आता बोल." मी ऐकलं. चांगलं होतं. दाट आवाज, वरची धार थोडी बोथट, तार सोडल्यावर मागे काहीतरी रेंगाळायचं. मी उत्तरात अंगठा पाठवला, शब्द काही लिहिले नाहीत, कारण लिहिलं असतं तर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागलं असतं.

जुलै होता. पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिस चालू असताना अर्ध्या तासाने घरघर वाढली, व्हॉल्व्हची प्लेट लाल झाली, आणि कोणाला कळायच्या आत आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा वास सुटला. मेन्सचा फ्यूज तसाच शाबूत, कारण एक व्हॉल्व्ह मरेपर्यंत जितका करंट ओढतो तितक्याने तो उडत नाही. अ‍ॅम्प लोकलच्या लगेजच्या डब्यातून माझ्याकडे आला, प्लास्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळलेला, आणि बरोबर भाऊ, आल्याआल्या "तुझा ट्रान्सफॉर्मर लेचापेचा होता" म्हणत.

मी ईएल८४ काढून बाजूला ठेवला आणि नुसत्या सॉकेटच्या दोन नंबरच्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर, मीटर लावला. व्हॉल्व्ह काढलेला असताना तिथे शून्य यायला पाहिजे, मागच्या स्टेजचे १७० व्होल्ट अडवायलाच तर तो कंडेन्सर आहे. तीन व्होल्टच्या वर आले. मग त्या कंडेन्सरला हेअर ड्रायरची ऊब दिली आणि आकडा चढायला लागला, चार, पाच, सात, भाऊ माझ्या खांद्यावरून बघत होता आणि त्याचं बोलणं थांबलं. हिशोब केला तर २० मेगओहमची गळतीसुद्धा ४७० के-वर चारेक व्होल्ट आणून ठेवते. साध्या मीटरने व्हॅल्यू बघताना हे दिसत नाही, कारण मीटर त्याच्यावर दोन-चार व्होल्टच लावतो, १७० नाही. कागद जुना, मेण तडकलेलं, त्यात मुंबईचा पावसाळा पिऊन बसलेला. ग्रिड वर सरकली की व्हॉल्व्ह जास्त ओढतो, जास्त ओढला की डबा तापतो, डबा तापला की कंडेन्सर आणखी गळतो.

म्हणजे तो जो दाट आवाज होता ना, तो कागदाचा किंवा तेलाचा नव्हता, बायस, म्हणजे व्हॉल्व्ह किती करंट ओढेल ते ठरवणारं ग्रिडचं व्होल्टेज, सरकल्याचा होता, व्हॉल्व्ह मरणाच्या रस्त्याला लागल्यावर तसा वाजत होता. मी हे भावाला समजावलं, जरा जास्तच उत्साहाने. ट्रान्सफॉर्मर पुन्हा वाइंड करून आणला, साधे पॉलिएस्टर टाकले, ग्रिडवर काही मिलिव्होल्ट, सगळं थंड. त्याने वाजवून बघितलं आणि म्हणाला, "दादा, त्या दिवशी जो आवाज होता ना, तो तू मारलास."

हे मला लागलं, अजून लागतं. मी म्हटलं बायसच ना, देतो. कॅथोडचा १३५ ओहमचा रेझिस्टर थोडा कमी केला, ईएल८४ च्या १२ वॅटच्या मर्यादेत राहून, व्हॉल्व्ह जरा गरम चालेल असा. जवळ गेलं. तो म्हणतो "जवळ". ते रेकॉर्डिंग आणि हे शेजारीशेजारी लावून मी रात्री हेडफोनवर ऐकलंय, कधी सारखं वाटतं, कधी नाही.

आणि प्रामाणिकपणे बोलायचं तर ती तुलनाच लंगडी आहे. ट्रान्सफॉर्मर नव्याने वाइंड झालेला, व्हॉल्व्ह दुसरा, फोनचा माइक, आणि खोलीत तेव्हा माणसं किती होती देव जाणे. म्हणजे "कंडेन्सरमुळे नाही" हे मी सिद्ध केलं असं म्हणता येत नाही, आणि "कंडेन्सरमुळेच" हे त्यानेही केलेलं नाही. पूर्वी मी सरळ सांगायचो की फिल्म कपॅसिटरला, म्हणजे पॉलिएस्टर-पॉलीप्रॉपिलीनवाल्यांना, स्वतःचा आवाज नसतो, व्हॅल्यू मोजून जुळवली की संपलं. सिरॅमिक वेगळे, त्यांतल्या बऱ्याच जणांची व्हॅल्यू व्होल्टेजबरोबर हलते आणि ठोकलं तर काही वाजतातसुद्धा. पण पॉलिएस्टर की पॉलीप्रॉपिलीन हे डोळे बांधून मला कधी धड ओळखता आलं नाही. अजूनही येत नाही, फक्त आता वाद घालताना आवाज खाली असतो. मात्र ज्याला उघडं झाकण बघूनच फरक ऐकू येतो, त्याच्यासमोर तो आपोआप परत चढतो, त्याला इलाज नाही.

तर साधे का? कारण ते गळत नाहीत, पावसाळ्यात पण नाही, आणि उद्या एखादा गेलाच तर ग्रँट रोडला उतरून संध्याकाळपर्यंत दुसरा बसतो. ऑरेंज ड्रॉप टाकायचे तर खुशाल टाका, चांगलेच असतात, माझं भांडण त्यांच्याशी नाहीच.

आणि जुने पेपरवाले लावायचेच असतील तर आधी पुढचा व्हॉल्व्ह काढा, अ‍ॅम्प तासभर चालू ठेवा आणि ग्रिडच्या पिनवर डीसी मोजा. अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी तो कंडेन्सर काढा. एचटी लाईनमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हला जाणाऱ्या वरच्या व्होल्टेजच्या तारेत, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्क्रीन (व्हॉल्व्हची दुसरी ग्रिड) दोघांच्या आधी, छोटा फ्यूज टाका, माझ्या त्या एका ईएल८४ ला १०० मिलिअँपचा पुरतो. एवढं सगळं करूनही ग्रिडवर शून्य आलं आणि आवाज तरीही तसाच दाट निघाला, तर मला रेकॉर्डिंग पाठवा. भावाला आधी पाठवू नका.