जाहिरातीसाठी उभारलेली तालीम

कुस्तीवरील एका जाहिरातीसाठी गोरेगावच्या चित्रनगरीत तालीम उभारण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा कोल्हापुरातील एखाद्या खऱ्या तालमीतच चित्रीकरण का करू नये, हा प्रश्न साहजिकच निघाला. जाड भिंतींच्या त्या मोजक्या जागेत कॅमेऱ्याला मागे सरकता येत नाही आणि वरून दिवेही सोडता येत नाहीत. शिवाय पहाटेपासून मेहनत करणाऱ्या मल्लांना त्यांच्याच हौद्याबाहेर, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याबाहेर, थांबवणे मला पटत नव्हते.

भिंतींचे काम आमच्या सुतारांच्या सवयीचे होते. बॅटनच्या, म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या, चौकटींवर प्लाय ठोकले, दोन भिंती चाकांवर घेतल्या आणि छताला नुसते वासे ठेवले. रंगाऱ्यांनी चुन्याचे थर चढवून खांद्याच्या उंचीवर तेलकट डाग आणि मारुतीच्या कोनाड्यावर काजळी आणली.

खरा विचार करावा लागला तो हौद्याचा. २० फूट लांब, तितकाच रुंद आणि ६ इंच खोल हौदा म्हणजे २०० घनफूट, म्हणजेच सुमारे सात-आठ टन माती. एवढे वजन लाकडी चौथऱ्यावर पेलण्याऐवजी आम्ही स्टुडिओच्या फरशीवर रबरी मॅट व ताडपत्री अंथरून त्यावर माती भरली आणि भोवतीचा ओटाच उंच केला, त्यामुळे हौदा जमिनीत खोल असल्यासारखा दिसतो. पडद्यावर फरक कळणार नाही, म्हणून रंगवलेला भुसा वापरावा असेही सुचवण्यात आले होते. मी ते मानले नाही. भुशावर पाय धरत नाही, तो नाकाडोळ्यांत जातो, आणि पडण्याची खात्री नसलेला मल्ल डाव अर्धवट टाकतो. तो संकोच कॅमेरा अचूक टिपतो. म्हणून चाळलेली तांबडी माती, काव, हळद, ताक, तेल आणि लिंबू असे सर्व साहित्य रीतसर मिसळले, आणि ते प्रमाण ठरवण्याचा अधिकार वस्तादांकडेच ठेवला.

स्लो मोशनसाठी सेकंदाला २४ऐवजी २४० फ्रेम घ्यायच्या तर प्रकाश दहापट लागतो, आणि त्या उष्णतेने माती सुकून धूळ उडू लागते. पाणी जास्त शिंपडले तर रंग काळपट होतो आणि पाय घसरतो; त्यामुळे प्रत्येक टेकनंतर हलका शिडकावा करून फावड्याने माती उकरावी लागे. सपाट, पाऊल न उमटलेल्या हौद्याचे शॉट दिग्दर्शकाने माझ्या विनंतीवरून सर्वांत आधी घेतले.