गिरणीजवळ थांब

"काका, मी पुलावर आलोय. पण हा तर सिमेंटचाय!"

पार्सल घेऊन आलेला मुलगा फोनवर बोलत होता. बोलण्याचा ढंग लातूरकडचा. मी त्याला 'लकडी पूल ओलांडून ये' म्हटलं होतं आणि त्याच्या नकाशात होता संभाजी पूल. मला हसू आलं, मग जरा ओशाळल्यासारखंही झालं. जन्म गेला या पुलावरून ये-जा करण्यात, पण यात लाकूड कुठाय, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

लाकूड होतं. पानिपत झाल्यावर, १७६१ च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांनी हा पूल बांधवला. हरून आलेल्या फौजेला भर गावातून मान खाली घालून यायला लागू नये म्हणून, असं घरातली जुनी माणसं सांगायची. खरंखोटं मुठेला ठाऊक. पुढे लाकूड गेलं, १९६१ च्या पानशेतच्या पुरात पूल पाण्याखाली गेला, पाटी बदलली. रिक्षावाला मात्र अजून 'लकडी पूल का?' असंच विचारतो.

पुण्यात पाटी लावून नाव रुजेलच असं नाही. औरंगजेबानं १७०३ मध्ये या गावाचं नावच मुहियाबाद करून टाकलं होतं. आज ते कुणाला आठवतंय? फर्ग्युसन रस्ता कागदोपत्री नामदार गोखले पथ आहे. गोखल्यांबद्दल पुणेकरांना आदर भरपूर, पण भेटायचं ठरतं ते एफसी रोडलाच. पेठांची नावं मात्र खरोखर बदलली. मुर्तजाबादची शनिवार झाली, मलकापूरची रविवार. त्याचं मला काही नाही. पण वेताळ पेठेची गुरुवार पेठ केली, हे काही बरं झालं नाही. 'मी वेताळ पेठेत राहतो' म्हटल्यावर उसने पैसे मागायला कोण आलं असतं?

देवांनाही इथे कुणी सोडलेलं नाही. जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा, निवडुंग्या विठोबा, गुपचूप गणपती. आडनावं ठेवावीत तशी ठेवलेली. सदाशिव पेठेतला मुरलीधर तर खुन्या! देऊळ पेशवाईच्या उतरणीतलं. मूर्तीच्या प्रतिष्ठेच्या वेळीच दारात चकमक झाली आणि माणसं पडली, असं सांगतात. त्यात बिचाऱ्या देवाचा काय दोष? पण दोनशेहून जास्त वर्षं झाली, आळ काही पुसला गेला नाही. परगावचे पाहुणे पत्ता विचारताना 'खुन्या' हा शब्द हळूच उच्चारतात. आम्ही मोठ्यानं म्हणतो.

माझी आई हुजूरपागेची. म्हणजे लक्ष्मी रस्त्यावरच्या मुलींच्या शाळेत शिकलेली. शाळा १८८४ ची, आणि जागा पेशव्यांच्या खाशा घोड्यांच्या पागेची. "मी हुजूरपागेची आहे, मला शिकवू नका," हे आई अशा तोऱ्यात म्हणायची की वडील गप्प बसायचे. एकदा मात्र ते न राहवून म्हणाले, "पागेतली, ते दिसतंच आहे." त्या दिवशी आमच्याकडे पिठलं-भात झाला होता, तोही खारट.

नाव आणि काम अजून एकत्र नांदताहेत अशी जागा म्हणजे कसब्यातली तांबट आळी. आवाज पूर्वीइतका नाही, पण तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडताना आजही ऐकू येते. तिथे पत्ता विचारावाच लागत नाही, कान पोचवतात.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी निळी पाटी आहे, तिच्यावर एका थोर गृहस्थांचं नाव. ते कोण होते हे गल्लीत कुणाला सांगता येणार नाही, मलाही नाही. सगळे म्हणतात 'गिरणीची गल्ली'. गिरणी बंद होऊन बारा वर्षं झाली, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

फोन पुन्हा वाजला. "काका, पूल झाला. आता?"

"सरळ ये आणि गिरणीजवळ थांब."

थोडा वेळ शांतता. "काका, कुणालाही विचारलं तर सांगतील का?"

"सांगतील."

पाच मिनिटांत तो दारात होता. सही घेता घेता म्हणाला, "गिरणी काही दिसली नाही हो कुठं."