जळत्या रणगाड्यावरचा तो प्रसंग

आज पुन्हा 'टू हेल अँड बॅक' (१९५५) पाहिला. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या ऑडी मर्फी या अमेरिकी सैनिकाने यात स्वतःचीच भूमिका केली आहे.

जळत्या रणगाड्याचा प्रसंग थरारक आहेच, पण पडद्यावर दिसतात शर्मन रणगाडा आणि हिरवं रान. प्रत्यक्षात २६ जानेवारी १९४५ ला, फ्रान्समधल्या होल्त्सव्हीरजवळ बर्फ होतं आणि मर्फी चढला तो एम-१० टँक डिस्ट्रॉयरवर, म्हणजे शत्रूचे रणगाडे फोडणाऱ्या तोफगाडीवर. त्याचा बुरूज (तोफ बसवलेला फिरता भाग) वरून उघडा, .५० कॅलिबरची मशीनगन बुरुजाच्या मागच्या बाजूला. म्हणजे आडोसा जवळजवळ नाहीच. खाली आग, आत इंधन आणि दारूगोळा. तिथून तो चालून येणाऱ्या जर्मन सैनिकांवर गोळ्या झाडत होता आणि तशात टेलिफोनवरून तोफखान्याला माऱ्याची जागाही तोच सांगत होता. सुमारे तासभर! पायाला जखम झाली, तरी खाली उतरल्यावर उपचार नाकारून त्याने तुकडीला प्रतिहल्ल्यासाठी उभं केलं.