बटाट्याच्या सालीतली सुई

जुलैचा दुसरा आठवडा, सकाळचे सव्वासात. कर्वेनगरमधल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा फोन आला. "ताई, आजच्या आज या. पिटाला असा वास मारतोय की तळमजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्यात. संध्याकाळी मीटिंग आहे, पिट बुजवायचा विषय घेतलाय."

सोसायट्यांच्या कंपोस्ट पिटांची देखभाल करणं हे माझं काम. मिळकत करात सवलत मिळते म्हणून अनेक सोसायट्या पिट बांधतात, पण ते सांभाळायचं कुणी हे ठरलेलंच नसतं. बुजवायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण पिट बुजवला म्हणून कचरा नाहीसा होत नाही, तो दुसऱ्याच्या दारात जातो. पुण्याचा कचरा जिथं नेऊन टाकला जायचा त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी काय सोसलंय, त्यांच्या विहिरींचं पाणी कसं झालं, हे मी तिथं जाऊन पाहिलेलं आहे.

पोचले तेव्हा कचरावेचक मावशी पिटापाशीच उभ्या होत्या. गेली अनेक वर्षं याच सोसायटीचा कचरा घेतात. त्यांची आई पूर्वी रस्त्यावरच्या कचरापेट्यांतून कागद वेचायची. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, त्यानंतर तिला ओळखपत्र मिळालं. आता तसंच कार्ड मावशींच्या गळ्यात असतं. "आई कुंडीत वाकायची, मी दारावर जाते," असं त्या सांगतात तेव्हा त्यांचा आवाज जरा ताठ होतो.

झाकण उघडलं. सडक्या अंड्यांसारखा वास. म्हणजे आत हवा नाही. थर्मामीटर खुपसला तर 31 अंश. चांगल्या चाललेल्या ढिगात पन्नास-साठ अंश मिळतात, हात धरवत नाही. मूठभर माल उचलून पिळला. बोटांतून एक-दोन थेंब यावेत तर धारच लागली. भिंतीवर चढलेल्या मळकट पांढऱ्या अळ्यांनी लोक जास्त घाबरले होते, पण त्यांचा काही दोष नव्हता. त्या काळ्या सैनिक माशीच्या. कचराच खातात, आणि ती माशी ना चावते ना आपल्या ताटावर बसते.

"ताई, पाला कुठाय?" मावशी म्हणाल्या. "मार्चमधी पोतीच्या पोती पाला निघाला. माळीदादाला कमिटीनं सांगितलं, भरून टाकून दे. मी म्हणलं होतं, ठेवा, पावसाळ्यात लागंल. कोण ऐकतंय?"

सगळ्या रोगाचं निदान त्यांनी एका वाक्यात केलं होतं. ओल्या कचऱ्यात नत्र भरपूर, सुक्या पानांत कर्ब. एक बादली ओला कचरा तर साधारण बादलीभर सुका पाला, एवढं जमलं तरी वास येत नाही. पुण्यात पानगळ होते फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पाल्याची खरी गरज लागते जुलैत. मधल्या चार महिन्यांची साठवण, एवढीच काय ती अडचण. पुण्यात 'ब्राउन लीफ' या उपक्रमातून ज्याच्याकडे पाला जास्त आहे त्याची गाठ पाला हवा असलेल्याशी घालून देतात, हे मी प्रत्येक सोसायटीला सांगत असते. इथंही सांगितलं होतं. लेखी द्यायला हवं होतं.

मी माल वरखाली करायला घेतला. पातळ हातमोजे घातले होते, जाड जोड गाडीच्या डिकीत राहिला होता. बटाट्याच्या सालींचा एक ओला गोळा हाताला लागला. तो फोडायला गेले आणि तर्जनीच्या पेरात काहीतरी चसकन घुसलं. आधी वाटलं माशाचा काटा असेल. हात बाहेर काढला तर मोज्यात एक बारीक सुई अडकलेली, इन्सुलिनच्या पेनाला लावतात तसली. मोजा ओढून काढला. बोटावर रक्ताचा एक ठिपका.

मावशींनी मला ओढतच नळाखाली नेलं. "साबण लाव. दाबू नको, चोखू नको. पाणी वाहू दे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मला चारदा टोचलंय."

"मग दवाखान्यात गेला होतात?"

"हळद लावली."

डॉक्टर म्हणाले, अशी बारीक, काही दिवस कचऱ्यात पडलेली सुई असेल तर धोका फार कमी. पण नाही असं म्हणता येत नाही. सुई कुणाची ते कळलं आणि त्या व्यक्तीचं रक्त तपासता आलं तर प्रश्नच मिटेल. नाही कळलं तर एचआयव्ही टाळण्यासाठीच्या गोळ्या 28 दिवस. त्या लवकरात लवकर, 72 तासांच्या आत सुरू करायच्या असतात, म्हणून पहिला डोस त्यांनी तिथंच दिला. हिपॅटायटिस बीची लस मी कामाला लागले तेव्हाच घेतली होती. शेजारी मावशी उभ्या होत्या. त्यांना विचारलं तर त्यांनी ती लस कधी घेतलीच नव्हती. चार सुया टोचल्या, लस एकही नाही. माझ्या बोटापेक्षा मला त्याचंच जास्त लागलं.

काकांनी ग्रुपवर मेसेज टाकला. मीच मजकूर सांगितला होता: कुणाला दोष द्यायचा नाही, दंड नाही, फक्त एकदा रक्त तपासायचं आहे, खर्च सोसायटीचा. दुपारपर्यंत एकाचंही उत्तर नाही. निळ्या खुणा मात्र सगळ्यांच्या. दोघातिघांनी स्वतंत्र फोन करून कुणाच्या घरी मधुमेह आहे याची यादी सांगितली, ते मला अजिबात आवडलं नाही.

चारच्या सुमारास दुसऱ्या मजल्यावरच्या आजी जिना उतरून खाली आल्या. हातात पिशवी, पिशवीत डॉक्टरांची फाइल. रडवेल्या झाल्या होत्या. "माझीच गं ती. सुक्या कचऱ्यात टाकली तर मावशी निवडताना हाताला लागेल, म्हणून मी कागदात गुंडाळून सालींमध्ये ठेवायची. ओलं ते सडून जातं ना, तिथं कोण हात घालतंय असं वाटलं."

आजींनी काळजीपोटीच केलं होतं सगळं. इन्सुलिन कसं टोचून घ्यायचं हे त्यांना दवाखान्यात तीनदा शिकवलं, पण सुई टाकायची कुठं हे एकदाही नाही. 2016 च्या घनकचरा नियमांतच वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या आणि त्या वेगळ्या द्यायच्या होत्या, पण हे आजींच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचवणार कोण? सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, हे पुण्यातल्या कितीतरी घरांना आता माहीत आहे, कारण कचरावेचक बायकांनीच ते दारोदार सांगितलं. सुईसाठी तसं कुणी सांगितलेलं नव्हतं.

आजी माझ्याबरोबर रिक्षातून लॅबमध्ये आल्या. पूर्ण वाटभर माझा दुसरा हात धरून बसल्या होत्या.

मीटिंगला मी पट्टी बांधलेल्या बोटानं गेले. पिट बुजवण्याचा विषय निघाला, वादही झाला. एक गृहस्थ म्हणाले, आम्ही पैसे देतो, मग हे आम्ही का बघायचं? त्यांना उत्तर मी दिलं नाही, आजींनी दिलं. सगळ्यांसमोर उभ्या राहून, सालींमध्ये काय ठेवलं होतं ते सांगितलं. त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. पिट दोन महिने चालवून बघायचा असं ठरलं. सुतारकामाच्या दुकानातून चार पोती भुसा आणायचा, वर पत्रा टाकायचा, आणि यापुढे मार्चमधला पाला पोत्यांत भरून पार्किंगच्या कोपऱ्यात ठेवायचा. ही शेवटची सूचना मावशींच्या नावानं इतिवृत्तात लिहा असा मी हट्ट धरला. लिहिली.

सुयांचा उपाय आजींनी काढला. कपडे धुण्याच्या लिक्विडचा रिकामा, जाड प्लास्टिकचा कॅन, घट्ट झाकणाचा. त्यावर मार्करनं मोठ्या अक्षरांत 'सुया', आणि खाली 'हात घालू नये'. प्रत्येक विंगमध्ये वॉचमनच्या टेबलाखाली एक. आजींचे डॉक्टर भरलेले कॅन त्यांच्या दवाखान्याच्या जैववैद्यकीय कचऱ्यातून पाठवायला तयार झाले. पहिल्या पंधरा दिवसांतच आणखी तीन घरांतून सुया आल्या, म्हणजे त्याही आधी कुठल्या ना कुठल्या पिशवीतून मावशींच्या हाताखालून जातच होत्या.

आजींचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, सगळं निगेटिव्ह. डॉक्टरांनी माझ्या गोळ्या थांबवल्या. पिटातलं तापमान अकराव्या दिवशी 56 अंशांवर गेलं, वास गेला होता.

मावशींना लसीचा पहिला डोस त्याच आठवड्यात दिला. त्यांना सुईची भीती वाटते हे तेव्हा कळलं, डोळे गच्च मिटून घेतले होते. ऑगस्टमध्ये मी तिथं गेले तेव्हा आजी गॅलरीतून ओरडून विचारत होत्या, "मावशी, दुसरा डोस झाला का?"

"झाला, आजी, कालच."

"आणि तिसरा?"

"जानेवारीत."

आजी आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पेन होतं. "तारीख सांग. कालनिर्णयावर लिहून ठेवते."