राणी रत्नागिरीत, नाव कवितेत

इंग्रज कवी रुडयार्ड किपलिंगची ‘मँडले’ ही कविता मला आता तोंडपाठ आहे, आणि त्यामागे साहित्यप्रेम वगैरे काही नाही. राग आहे.

ऑक्टोबरात आमच्या ऑफिसातल्या एका साहेबांच्या निवृत्तीचं जेवण होतं. उत्तर इंग्लंडमधलं लहान शहर, माणसं भली. (मी आजारी पडले तेव्हा याच लोकांनी दारात सूप आणून ठेवलं होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर आई म्हणेल, ज्यांचं खाल्लंस त्यांनाच नावं ठेवतेस.) दुसऱ्या ग्लासनंतर साहेब माझ्या शेजारच्या मैत्रिणीकडे वळले. ती मलेशियाची, चिनी वंशाची, अकाउंट्स बघते, आणि साहेबांची खर्चाची बिलं तिने कितीदा परत पाठवलीयत ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्याकडे बघत त्यांनी कविता म्हणायला सुरुवात केली. बर्माची मुलगी, पिवळा घागरा, हिरवी टोपी, ओठांत भला मोठा पांढरा चिरूट. टेबल कौतुकाने ऐकत होतं. ती हसली. ते हसू मला माहितीये. लिफ्टमध्ये, ट्रेनमध्ये मीही तेच काढते.

मग ती ओळ आली. मुलीचं नाव सुपायालत, बर्माचा शेवटचा राजा थिबा, त्याच्या राणीचंच.

अहो, थिबाच्या! ज्याच्या राजवाड्याच्या आवारात आम्ही लंगडी खेळलो त्या थिबाच्या! मी मध्येच तोंड घातलं, म्हटलं, ही राणी माझ्या गावात, रत्नागिरीत, 33 वर्षं राहत होती. साहेब म्हणाले, ‘हाउ लव्हली’, आणि पुढचं कडवं सुरू केलं.

शाळेची सहल सगळ्यांचीच तिथे गेलेली असते, त्यामुळे थोडक्यात. 1885च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी थिबाची राजधानी मँडले घेतली, राजाराणीला आधी मद्रासला आणि 1886मध्ये आपल्याकडे आणून ठेवलं. राजवाडा तयार झाला 1910मध्ये, राजा गेला 1916मध्ये, राणी रंगूनला परतली 1919मध्ये. सहलीत बाईंनी सांगितलं नव्हतं ते असं की राणी गरीब गाय वगैरे अजिबात नव्हती. दरबारात राजापेक्षा तिचा शब्द चालायचा. 1879मध्ये राजघराण्यातल्या कितीतरी जणांची कत्तल झाली, त्यात तिचं आणि तिच्या आईचं नाव घेतात. इंग्रजी वर्तमानपत्रांनी तिची राक्षसीण करून टाकली, सोल्जरांनी तिच्या नावाचं ‘सूप प्लेट’ केलं. आणि राज्य घेऊन पाच वर्षं होतात न होतात तोच, 1890मध्ये, किपलिंगने तेच नाव उचलून मुके घ्यायच्या एका पोरीला देऊन टाकलं. खरी बाई त्या वेळी रत्नागिरीत बसून सरकारी पेन्शन पुरत नाही म्हणून रत्नं विकत होती. बरं, किपलिंग बर्मात होता फक्त काही दिवस, 1889मध्ये. मँडलेला तर तो गेलाच नाही.

मुलगी कवितेत काय बोलते ते मी मुद्दाम शोधलं. काहीच बोलत नाही. बँजो घेऊन ‘कुल्ला-लो-लो’ गाते. कविता ज्याच्या तोंडी आहे त्या लंडनला परतलेल्या इंग्रज सोल्जराला मात्र पक्कं ठाऊक की ती आपलीच आठवण काढत बसलीये. लंडनच्या मोलकरणी आता त्याला चालत नाहीत, त्यांची तोंडं थोराड आणि हात मळके. मला वाटतं सगळी मेख इथे आहे. त्याचं त्या मुलीवर प्रेम आहे की नाही देव जाणे, घरच्या बायकांबद्दल तक्रार मात्र नक्की आहे. डेटिंग ॲपवर मला मेसेज येतात तेही याच सोल्जराचे: इथल्या बायका फार डोक्यावर चढल्यात, तुम्ही एशियन मुली कशा शांत, घर सांभाळणाऱ्या. या माणसांना एकदा आमच्या आत्याच्या समोर बसवायला हवं.

आणि कविता जुनी झाली म्हणावं, तर 2017मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्यात उभे राहून हीच म्हणू लागले. त्यांच्याच राजदूताने त्यांना थांबवलं. सुपायालतची समाधी तिथून जवळच आहे.

तीच गोष्ट नुसती कपडे बदलत राहते. 1904मध्ये मिलानला पुच्चिनीची ‘मादामा बटरफ्लाय’ ही ऑपेरा आली, त्यात जपान. 1922मध्ये हॉलिवूडने तेच कथानक चीनमध्ये नेलं आणि सतरा वर्षांच्या ॲना मे वाँग या चिनी वंशाच्या अमेरिकन नटीला नायिका केलं. 1989मध्ये लंडनला ‘मिस सायगॉन’ हे संगीत नाटक, त्यात व्हिएतनाम. तिन्हीत गोरा निघून जातो, ती वाट बघते, मूल त्याच्या हवाली करते आणि मरते. ॲना मे वाँगच्या वाट्याला पुढे अशाच मरणाऱ्या नाहीतर विष घालणाऱ्या बायका आल्या. 1937च्या ‘द गुड अर्थ’मध्ये चिनी शेतकरणीची धड भूमिका होती, ती गेली लुइझे राइनर या गोऱ्या नटीकडे. तिने मेकअप करून चिनी बाई साकारली आणि ऑस्कर नेलं.

एवढं कशाला मनाला लावून घ्यायचं, असं दादा म्हणतो. मार्च 2021मध्ये अटलांटाच्या मसाज पार्लरांत आठ जणांना गोळ्या घातल्या गेल्या, त्यांतल्या सहा आशियाई वंशाच्या बायका. त्या जागा मोहात पाडतात, तो मोह संपवायचा होता, असं मारेकऱ्याने पोलिसांना सांगितलं. म्हणून लावून घ्यायचं.

डिसेंबरात रजेवर घरी आले, पडवीत बसून हे सगळं आत्याला ऐकवलं. तिने कुळीथ निवडता निवडता ऐकून घेतलं. म्हणाली, “आपण तरी तिला कुठे राणीसारखं ठेवलं गो? दागिने स्वस्तात उतरवून घ्यायला टपलेले होतेच की इथले. थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू इथेच मराठी बोलत म्हातारी झाली, 2000 साली गेली. तिच्यावर केली कोणी कविता?”

आता हे खरंच आहे. पण आपल्या लोकांनी लुबाडलं ते व्यवहारात, तिचं नाव बाजारात नाचवलं नाही, असं मी म्हटलं. दादा लगेच, “आणि ‘मेरा नाम चिन चिन चू’?”

दादाचा होमस्टे आहे गणपतीपुळ्याला, पर्यटकांशी बोलून बोलून जीभ चुरचुरीत झालीये. 1958चा ‘हावडा ब्रिज’. नाचणारी हेलन, जन्म रंगूनचा, आई बर्मी, युद्धात लहानपणी पायपीट करत आसामला पोचलेली. म्हणजे बर्माहून आलेली आणखी एक मुलगी, आणि आपल्या सिनेमाने तिला चिनी करून नाचवलं. मी म्हटलं, हेलनचं वेगळं, तिने त्यात स्वतःचं नाव कमावलं. दादा नुसता हसला. मला अजूनही ते वेगळंच वाटतं. आणि मुंबईच्या सिनेमावाल्यांनी सोडलंय कोणाला? गुडघ्यावर लुगडं नेसून ठुमकणारी त्यांची कोळीण बघायची आणि मग मिरकरवाडा बंदरावर पहाटे मासळीच्या लिलावाला उभ्या असलेल्या बायका बघायच्या. त्यांच्यासमोर ठुमका मारून दाखवा म्हणावं.

हा वाद चालू असतानाच वहिनी पुतणीची गॅदरिंगची यादी घेऊन आली. यंदा त्यांच्या वर्गाचा जपानी नाच आहे. कागदी छत्री, अंबाड्यात काड्या, हातात पंखा, आणि बाईंनी लिहून पाठवलंय, डोळे काजळाने बारीक काढावेत.

“तू तिकडून ते आयलायनर आणलंयस ना, दे बघू,” वहिनी म्हणाली.

मी दिलं नाही. चांगली अर्धा तास भांडले, पुतणी रडली, आई म्हणाली चार दिवस येतेस आणि घर डोक्यावर घेतेस. शेवटी डोळे आहेत तसेच ठेवायचे असं ठरलं. पंखा मात्र मीच रंगवून दिला. पंखा काय, आपल्याकडेही असतो.