पदवीनंतर नऊ वर्षांनी एफई परीक्षा

अमेरिकेत स्थापत्य अभियंत्याच्या नोकरीसाठी अर्ज करू लागले, तेव्हा एकामागून एक जाहिरातींत ‘ईआयटी असल्यास प्राधान्य’ ही ओळ दिसू लागली. ईआयटी म्हणजे ‘इंजिनीअर इन ट्रेनिंग’, अभियंत्याच्या परवान्याआधीचा दर्जा. भारतातील पदवी आणि सहा वर्षांचा कामाचा अनुभव माझ्याजवळ होता. परंतु लोकांच्या वापरात येणाऱ्या बांधकामाच्या आराखड्यांवर सही-शिक्का करण्याचा अधिकार येथे परवानाधारक अभियंत्याला, म्हणजे पीईला असतो, आणि त्या वाटेवरची पहिली पायरी म्हणजे फंडामेंटल्स ऑफ इंजिनीअरिंग, अर्थात एफई ही परीक्षा. परवान्याचा असा कायदा सर्वप्रथम वायोमिंग राज्याने १९०७ साली केला. आज परवाना देणारे मंडळ राज्याराज्यांचे वेगळे असले, तरी एफई परीक्षा सगळीकडे एनसीईईएस ही एकच संस्था घेते.

प्रश्न ११० आणि ते सोडवायला ५ तास २० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला तीन मिनिटांपेक्षाही थोडा कमी वेळ. २०१४ पासून परीक्षा संगणकावर होते. स्थापत्याच्या प्रश्नपत्रिकेत गणितापासून भूतंत्र (माती आणि पायाचे अभियांत्रिकी), जलसंपदा, वाहतूक आणि बांधकाम व्यवस्थापनापर्यंत चौदा विषय येतात. हे सगळे वाचून मी महाविद्यालयातील जुन्या वह्या काढल्या आणि पहिले दोन महिने सूत्रे पाठ करण्यात घालवले. ते दोन महिने वाया गेले असे आज मी स्पष्टपणे म्हणेन, कारण या परीक्षेत सूत्रे पाठ असावी लागत नाहीत. एनसीईईएसची संदर्भपुस्तिका परीक्षेच्या वेळी पडद्याच्या एका बाजूला उघडीच असते आणि तिच्यात शब्द टाकून शोधही घेता येतो. तीच पुस्तिका संस्थेच्या संकेतस्थळावर खाते उघडले की विनामूल्य उतरवून घेता येते.

त्यानंतर मी अभ्यासाची पद्धतच बदलली. प्रत्येक गणित सोडवताना केवळ ती पुस्तिका उघडी ठेवायची, दुसरे कोणतेही पुस्तक हाताशी घ्यायचे नाही, आणि सूत्र तिच्यात कोणत्या शीर्षकाखाली, कोणत्या चिन्हांनी दिले आहे ते डोळ्यांत बसवायचे, असा नियम केला. आपण वर्गात शिकलेले नाव आणि पुस्तिकेतील नाव नेहमी एकच असते असे नाही. त्यामुळे नेमका कोणता शब्द शोधायचा हे आधीपासून माहीत असणे, हीच अर्धी तयारी आहे.

भारतात शिकलेल्यांसाठी सर्वांत मोठी अडचण एककांची आहे, आणि तिच्याबद्दल मला कोणीही आधी सांगितले नव्हते. एका सराव परीक्षेत आयताकृती कालव्याचा विसर्ग काढायचा होता. मापे फुटांत होती. मॅनिंगच्या सूत्रात मी सवयीप्रमाणे मीटरसाठीचा गुणक १ धरला, आलेले उत्तर पर्यायांत होते, म्हणून निर्धास्तपणे पुढे गेले. फुटांत काम करताना तो गुणक १.४८६ घ्यावा लागतो. माझे उत्तर खऱ्या उत्तराच्या जेमतेम दोन-तृतीयांश होते. चुकीच्या वाटेने येणारी उत्तरे पर्यायांमध्ये मुद्दाम ठेवलेली असतात, हे त्या दिवशी मला पुरते कळले. पुढचे तीन आठवडे मी किप, पीएसआय आणि पौंड-फूट या अमेरिकी एककांतच गणिते केली, तेव्हा कुठे आकड्याकडे पाहून तो संभवनीय आहे की नाही याचा अंदाज येऊ लागला.

अभियांत्रिकी अर्थशास्त्र आणि व्यावसायिक नीतिमत्ता हे विषय अनेकजण शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. माझ्या मते तेथेच सर्वांत स्वस्तात गुण मिळतात. १०,००० डॉलरचे यंत्र ८ टक्के व्याजाने घेतले, तर पाच वर्षे दरवर्षी किती रक्कम फेडावी लागेल, हा प्रश्न घ्या: पुस्तिकेतील ८ टक्क्यांच्या तक्त्यात पाच वर्षांसमोर ०.२५०५ हा गुणक मिळतो आणि उत्तर येते २,५०५ डॉलर. एक मिनिटही लागत नाही. दोन्ही विषय मिळून नऊ ते चौदा प्रश्न असतात, आणि येथे वाचवलेला वेळ भूतंत्राच्या लांबलचक गणितांना देता येतो.

परीक्षेचे दोन भाग असतात. पहिला भाग जमा करून मधली सुट्टी घेतली की त्यातील प्रश्नांकडे परत जाता येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. गणकयंत्र मान्य यादीतीलच हवे, आणि सरावालाही तेच वापरावे. माझ्या बोटांना कॅसिओच्या कळांची सवय असल्याचा त्या दिवशी खरोखर उपयोग झाला.

निकाल सात ते दहा दिवसांत येतो, आणि उत्तीर्ण झालेल्याला गुण सांगितले जात नाहीत. मी उत्तीर्ण झाले. मात्र एफई उत्तीर्ण होणे आणि ईआयटी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यासाठी राज्याच्या मंडळाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो, आणि परदेशी पदवी असल्यास अनेक मंडळे तिचे मूल्यमापन मागतात. विद्यापीठाकडून गुणपत्रके मोहोरबंद मागवण्यातच माझे कित्येक आठवडे गेले, तेव्हा ते काम अभ्यासाला बसाल त्याच आठवड्यात सुरू करा.